पुराणिक बाईंचे दहापैकी दोन

सातवीत पुराणिक बाईंनी मला भूगोलात दहापैकी चार दिले होते. नकाशात मी नर्मदा उलटी वाहवली, म्हणून. चूक माझी होती, मान्य आहे. पण बाकी नकाशा मी असा रंगवला होता की दुसऱ्या कुठल्याही मास्तरणीचं मन पाघळलं असतं. पुराणिक बाईंचं नाही पाघळलं. त्या सहाच्या वर मार्क कुणालाच देत नसत. सहा म्हणजे त्यांच्याकडे पहिला नंबर. आज मी छप्पन्न वर्षांची आहे, आमची ती मराठी शाळा बंद पडून तिथं कोचिंग क्लास आला, तरी ते चार मार्क माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. मी आहेच तशी. खुन्नस धरली की सोडत नाही.

माझं नाव शशिकला. इंदूरच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात एकतीस वर्षं नर्स आहे. आमच्याकडे मणक्याचे डॉक्टर समीर सर मंगळवारी आणि शनिवारी ओपीडीत बसतात, बुधवारी आणि शुक्रवारी ऑपरेशनं करतात, आणि या चारही दिवशी मी त्यांच्या मागे असते, सोमवारी-गुरुवारी वॉर्डात. माझं तोंड तिखट आहे असं सगळा स्टाफ म्हणतो. असेल. पेशंट खोटं बोलायला लागला की माझं डोकं फिरतं. गोळ्या घेतल्या का विचारलं की हो हो म्हणतात आणि पिशवीतून पाकीट निघतं अख्खं. अशांना मी सोडत नाही.

तर दिवाळीच्या आठ दिवस आधीचा मंगळवार. ओपीडीत ही गर्दी. काउंटरवर सगळे हिंदीत ओरडत होते आणि त्यात एकच आवाज शुद्ध मराठीत विचारत होता, नंबर कितवा चालू आहे म्हणून. चव्वेचाळीस वर्षांनी ऐकला तरी माझी पाठ आपोआप ताठ झाली. वळून बघते तर बाई. सुती साडी, हातात रुमाल, खांद्याला कापडी पिशवी, आणि बरोबर कोणी नाही. पहिली गोष्ट माझ्या डोळ्यात भरली ती साडी. शाळेत बाईंची साडी घोट्यापाशी संपायची, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. त्या दिवशी निऱ्या जमिनीवर लोळत होत्या. साडी तीच होती. बाई उंचीनं कमी झाल्या होत्या.

मी पुढे होऊन नमस्कार केला, नाव सांगितलं, कशा आहात विचारलं. त्या म्हणाल्या, "मजेत!" आणि खुर्चीचे दोन्ही हात धरून खाली बसायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात दोन पेशंट आत जाऊन बाहेर आले.

मग खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर पडलं. गणपतीच्या आधी त्या बड़ा गणपती भागातल्या आपल्या घरून बाजारात निघाल्या होत्या, ई-रिक्षात मागच्या बाजूला बसून. कृष्णपुऱ्याच्या पुलाच्या अलीकडे रस्ता खणलेला, रिक्षा दणकन आपटली. पाठीत काहीतरी कट्ट वाजलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, अम्माजी लगी तो नहीं? बाईंनी त्याला सांगितलं की नाही, मजेत आहे. उतरल्या, भाजी घेतली, दुसऱ्या रिक्षानं घरी आल्या.

तेवढं कमी होतं म्हणून की काय, गणपतीत मंडळाच्या अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना गेल्या. आता आमच्या इंदूरच्या मराठी लोकांचं एक आहे. आवर्तनाला हॉलमध्ये सतरंजी घालतात आणि मागे भिंतीला लागून आठ-दहा खुर्च्या ठेवतात. त्या खुर्च्या म्हाताऱ्यांच्या. जो एकदा खुर्चीवर बसला तो गेला कामातून. पुढच्या वर्षी त्याला कोणी पहिल्या ओळीत बोलवत नाही, प्रसाद वाटायला सांगत नाही, फक्त विचारतात, येता ना अजून? म्हणून ज्यांचे गुडघे पार गेलेत तेसुद्धा दात आवळून मांडी घालतात. पुराणिक बाई मोडक्या मणक्यानं तीन तास सतरंजीवर मांडी घालून बसल्या. शेजारच्या बाईनं मध्येच विचारलंही, बरं नाही का? तर म्हणे मजेत. मला हे ऐकून इतका राग आला की मी हातातली फाइल टेबलावर आपटली.

सात आठवडे अंगाला बाम चोळत काढले. वाकता येईना, कूस बदलता येईना, रात्री बसून झोपायचं. स्वयंपाक म्हणजे एकदा उभं राहून कुकर लावायचा आणि दोन दिवस तेच खायचं. शेवटी दुधाची पिशवी उचलायला वाकल्या आणि उठताच येईना, दारातच अर्धा तास ओणव्या उभ्या राहिल्या, तेव्हा दवाखान्याचं मनात आलं. त्या अर्ध्या तासात जिन्यावरून कोणी गेलं नाही का, मी विचारलं. खालचे भाडेकरू सोडून गेले, वरचा फ्लॅट बंदच असतो, असं त्यांनी हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

एमआरआय झाला. फोटोत साफ दिसत होतं, कमरेच्या वरचा एक मणका समोरून चेपला होता, खारी बिस्किट बोटानं दाबावं तसा. वय झालं की बायकांची हाडं आतून पोकळ होतात. मग पडायला पण लागत नाही, एक दणका पुरतो. समीर सरांनी बाईंना समजावलं आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला, दर्द दस में से कितना? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही.

बाई म्हणाल्या, "दोन."

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं बरोबर होतं. हे ऑपरेशन फोटो बघून करत नाहीत, दुखणं बघून करतात. दोन असेल तर पट्टा, गोळ्या, आराम, आणि हाड आपोआप भरायची वाट बघायची. पण सात आठवडे होऊन पण ते हाड एमआरआयमध्ये ओल्या जखमेसारखं दिसत होतं, आणि बाईंना टेबलावरून उठवताना मी हात दिला होता तेव्हा त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती. पट्टा देऊन पाठवलं असतं तर महिनाभरानं त्या अंथरुणातून उठल्याच नसत्या, आणि त्यांना पाणी द्यायलाही घरात दुसरं माणूस नव्हतं. मी मध्ये तोंड घातलं. सरांना म्हटलं, ही माझी शाळेतली मास्तरीण आहे, मार्क फार कमी देते, हिचे दोन म्हणजे आठ समजा.

बाई माझ्यावर भडकल्या. मी दोन म्हटलं ना, मग दोन, तू कोण वाढवणारी? मीही भडकले. सरांच्या समोर आमची जुंपली. शेवटी बाई रुमालाची घडी उलगडत-घालत म्हणाल्या, पाच लिही. मग जरा थांबून हळूच विचारलं, पाचमध्ये होतं का ऑपरेशन?

झालं. शुक्रवार ठरला.

काउंटरवर विचारलं, साथ में कौन रहेगा? ऑपरेशन लहान असलं तरी बरोबर एक माणूस लागतं. बाईंनी ताठ मानेनं सांगितलं की भाचा प्रणव येतोय पुण्याहून, गुरुवारी पोचेल. त्याचा नंबरही दिला. गुरुवारी संध्याकाळी बाई ॲडमिट झाल्या आणि प्रणवचा पत्ता नाही. मी फोन लावला. तो बिचारा गडबडून गेला. त्याला काही माहीतच नव्हतं. दर रविवारी तो फोन करतो, मावशी म्हणते मजेत आहे, पाच मिनिटांत फोन संपतो. मोडलेल्या मणक्याच्या सात आठवड्यांत सात वेळा तो फोन झाला होता. म्हणाला लगेच निघतो, पण शनिवारच्या आधी जमणार नाही. मी त्याला चार शब्द सुनावले. नंतर वाटलं, त्याला कशाला? ज्याला कोणी सांगितलंच नाही तो काय करणार.

मग बाईंच्या कॉटपाशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं की खोटं का बोललात. त्या म्हणाल्या की त्याला कशाला त्रास, त्याच्या मुलीची परीक्षा आहे. मी म्हटलं, आणि मला? मला त्रास नाही? फॉर्मवर बरोबरचं माणूस म्हणून मी माझं नाव घातलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना उद्या काय होणार ते सांगितलं. सगळ्यांना सांगते तसंच सांगितलं, फक्त बाईंनी मध्ये मध्ये प्रश्न इतके विचारले की मीच परीक्षेला बसल्यासारखी झाले. पोटावर पालथं झोपवतील, छातीखाली आणि कमरेखाली उशा. पूर्ण बेशुद्ध करणार नाहीत, कारण तुमच्या छातीला ते झेपणार नाही. पाठीला बधिर करायचं इंजेक्शन आणि शिरेतून थोडी गुंगी. पाठीवर दोन बाजूंना दोन भोकं, तांदळाच्या दाण्याएवढी, टाकासुद्धा लागत नाही. त्यातून दोन जाड सुया थेट मणक्यात. वर एक्सरेचं मशीन सारखं चालू, त्यात बघत बघत सर सुई पुढे सरकवतात. मग सुईतून एक छोटा फुगा आत घालून फुगवतात, म्हणजे चेपलेलं हाड वर उचललं जातं. फुगा काढून घेतात आणि त्या पोकळीत सिमेंट भरतात.

बाईंनी विचारलं, सिमेंट म्हणजे कुठलं. मी म्हटलं घर बांधायचं नाही, हाडाचं वेगळं असतं, टूथपेस्टसारखं आत जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत कडक होतं, तेव्हा जरा गरम लागेल. सगळं मिळून पाऊण तास. मग दोन-तीन तास उताणं पडायचं, संध्याकाळी चालायचं, दुसऱ्या दिवशी घर. सहा आठवडे वाकायचं नाही, बालदी उचलायची नाही. आणि हाडं भक्कम करायचं औषध पुढे घेत राहायचं, कारण हा मणका सावरला तरी बाकीचे तितकेच पोकळ आहेत.

बाईंनी विचारलं, चुकू शकतं का? मी खरं सांगितलं. क्वचित सिमेंट भेगेतून मागे सरकतं आणि मागेच पायाला जाणारी नस असते. तसं झालं तर पायात करंट मारल्यासारखं होईल. मशीनमध्ये ते दिसतं, पण कधी उशिरा दिसतं; पेशंटला आधी कळतं. म्हणून तर जागं ठेवतात. मी म्हटलं, बाई, उद्या तुमचं एकच काम आहे. दुखलं की सांगायचं. लगेच, तेवढंच, जेवढं आहे तेवढं. ते मजेत नावाचं प्रकरण उद्या थिएटरच्या बाहेर ठेवायचं. नाहीतर पाय जाईल. बाईंनी मान हलवली. पण मला भरोसा नव्हता. खरंच सांगते, एकतीस वर्षांत मला इतकी भीती वाटली नव्हती. छोटंसं ऑपरेशन, आणि सगळं अडकलं होतं एका अशा बाईवर जिनं आयुष्यात दुखतंय म्हटलं नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता घेतलं. मी शिशाचा जड एप्रन घालून बाईंच्या डोक्यापाशी स्टुलावर बसले. त्यांचं तोंड खाली, उशीच्या खळग्यात, मला फक्त कान आणि पांढरे केस दिसत होते. डावा हात मी धरला. त्या गुंगीत होत्या पण जाग्या होत्या. समीर सर दर दोन मिनिटांनी विचारत होते, अम्माजी सब ठीक? आणि उशीतून आवाज यायचा, मजेत. इंजेक्शनं टोचली, मजेत. सुया हाडात ठोकल्या, त्याचा ठक ठक आवाज मला ऐकू येत होता, तरी मजेत. मी तिथल्या तिथे दात-ओठ खात होते.

त्यांना बोलतं ठेवावं म्हणून मी म्हटलं, बाई, नर्मदेच्या उपनद्या सांगा. आणि बाई सुरू झाल्या की. हळू, जड जिभेनं, पण वर्गात सांगायच्या तशाच, उगमापासून. हिरन, शेर, शक्कर, दुधी. तिकडे फुगा फुगला, हाड उचललं गेलं, सर खूश झाले. फुगा काढला. सिमेंटची नळी लावली. उजवीकडून भरायला घेतलं. बाई म्हणत होत्या, तवा, गंजाल. आणि थांबल्या.

गंजालनंतर छोटा तवा येते, मला सुद्धा पाठ आहे. मी वाट बघितली. काही नाही. हात माझ्या हातात होता तो लाकडासारखा झाला. सरांनी विचारलं, ठीक है अम्माजी? आणि उशीतून आवाज आला, "मजेत."

माझं डोकं सटकलं. थिएटरात आवाज चढवायचा नसतो, मी चढवला. बाईंच्या कानापाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाई, खोटं बोलू नका. किती ते सांगा. खरे मार्क द्या."

मग त्या बोलल्या, आणि तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता, लहान मुलीचा असतो तसा होता. "नऊ, शशी. उजव्या पायात. नऊ आहे गं. खूप दुखतंय."

मी ओरडले, सर, रुको. सरांचा हात जागच्या जागी थांबला. मशीन आडवं फिरवून फोटो घेतला, तर खरंच, सिमेंटचा दोऱ्याएवढा धागा मागच्या बाजूला निघाला होता. अजून दोन थेंब गेले असते तर मला विचारही करवत नाही. उजवी बाजू तिथंच थांबवली. आतलं घट्ट होईपर्यंत सगळे तसेच उभे राहिलो. मी दर अर्ध्या मिनिटाला विचारत होते आणि बाई सांगत होत्या. आठ. आठच. सात. पाच. मग सरांनी डाव्या बाजूनं, जरा दाट झालेलं सिमेंट, थेंब थेंब करत बाकीचं भरलं. पायातली कळ चारवर आली, तीनवर आली. बाई न थांबता मार्क देत राहिल्या. मीच रडायला लागले होते, मास्कच्या आत, आणि नाक पुसता येत नव्हतं.

दुपारभर बाई रिकव्हरीत उताण्या पडून होत्या. माझा हात त्यांनी सोडला नव्हता. झोपल्यासारखं वाटलं म्हणून मी हळूच सोडवून घ्यायला गेले की बोटं घट्ट व्हायची. ड्यूटीवरची दुसरी पोरगी येऊन विचारून गेली, अम्मा दर्द? बाईंनी डोळे न उघडता तिला सविस्तर उत्तर दिलं. पाठीत दोन, पायाच्या अंगठ्यात झिणझिण्या, डाव्या खांद्याला पालथं पडल्यामुळे रग लागली आहे. पोरीनं खांद्याखाली उशी सरकवली, अंगठा चोळून दिला. बाई तिच्याकडे डोळे मोठे करून बघत राहिल्या.

संध्याकाळी उभं केलं. पहिलं पाऊल टाकताना माझा दंड धरला होता, तिसऱ्याला सोडला. सात आठवड्यांनी त्या सरळ उभ्या राहिल्या होत्या. हे ऑपरेशन असंच असतं, बरं झालं तर त्याच दिवशी कळतं. पेशंट येतो वाकून आणि चालायला लागतो. किती विचारलं. एक, म्हणाल्या, आणि हसल्या. प्रणव शनिवारी सकाळच्या गाडीनं आला, त्यानं डिस्चार्ज घेतला, मावशीला घरी सोडलं, चार दिवस राहिला आणि दिवाळीच्या तोंडावर परत गेला. बरोबर चला म्हणाला तर बाई म्हणाल्या, तुमचं तिथं चालू दे, मी इथं मजेत आहे.

भाऊबीजेनंतर मी घरी बघून आले. बड़ा गणपतीजवळ तिसऱ्या गल्लीतली इमारत, दुसरा मजला. दोन खोल्या चकचकीत. नानासाहेबांचा, म्हणजे त्यांच्या वडिलांचा फोटो आणि खाली त्यांची रिकामी आरामखुर्ची. वडिलांना त्यांनी आयुष्यभर सांभाळलं, शेवटची अकरा वर्षं तर अंथरुणात, त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. नानासाहेब जाऊन आता सहा वर्षं झाली. टीव्ही मोठ्यानं चालू होता, कुठलं तरी गुजराती चॅनल. बाईंना गुजराती येत नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, माणसं बोलत असतात गं. सकाळी सात वाजता कचऱ्याची गाडी गाणं लावून येते, तेव्हा त्या खाली उतरतात. गाडीवाला विचारतो, अम्मा गीला-सूखा अलग किया? त्या हो म्हणतात. मी तासभर बसले, चहा घेतला, आणि निघताना येते परत म्हटलं. गेले नाही. खोटं कशाला बोलू, ड्यूटी, घर, सून बाळंतीण, जमलंच नाही.

सहा आठवड्यांनी बाई दाखवायला आल्या. फोटो झकास. सर म्हणाले, अम्माजी एकदम फिट, आता हाडांचं औषध चालू ठेवा, यायची गरज नाही. बाईंनी विचारलं, अजिबात नाही का? सर हसून म्हणाले, अजिबात नाही.

पुढच्या मंगळवारी बाई हजर. पाठीत चार. सरांनी ठोकून बघितलं, गोळी बदलली. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाच, जरा वरच्या बाजूला. मी घाबरले. एक मणका भरला की कधी कधी शेजारचा बसतो, मीच त्यांना सांगितलं होतं. एक्सरे काढला, काही नाही. मग सहा झालं. एमआरआय केला. तोही साफ, सिमेंट जागच्या जागी, बाकी सगळे मणके शाबूत. पाचव्या मंगळवारी बाई साडेनऊलाच येऊन बाकावर बसल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, घोट्यापाशी संपलेली. शेजारच्या पेशंटला नर्मदेचा उगम समजावत होत्या, आणि मी नाव पुकारल्यावर अशा झटकन उठल्या की मला संशय आला.

आत सर वैतागलेले. मला म्हणाले, सिस्टर, इनको क्या है, एक्सरे में तो कुछ है नहीं. मी बाईंना हाताला धरून ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मला फसवलेलं मला चालत नाही, मग मास्तरीण असो की कोणी असो. बाहेर चाळीस पेशंट बसलेत, म्हटलं, त्यातले अर्धे खरोखर कण्हतायत. पाठ वाकवून दाखवा. त्यांनी वाकवली. उजवीकडे वळा. वळल्या. तोंडावर एक सुरकुती हलली नाही.

"बाई, खरं सांगा. दुखतंय का?"

बाईंनी रुमालाची घडी घातली, पिशवीत ठेवली. "नाही. शून्य आहे," त्या म्हणाल्या. "पण शून्य म्हटलं की तुम्ही घरी पाठवता."

मी त्यांना खरं बोलायला लावलं होतं, थिएटरात ओरडून लावलं होतं, आणि त्यांना त्यातून कळलं ते हे, की दुखतंय म्हटलं की कोणी तरी विचारतं. शहात्तर वर्षांच्या बाईला ते माझ्याकडून कळलं. आणि आता तेसुद्धा मीच काढून घेत होते. मला माझीच इतकी लाज वाटली की मी वळून उगाच कापसाचे बोळे मोजायला लागले.

बाहेरून सरांनी हाक मारली. मी बाईंची फाइल ओढून घेतली आणि पुढची तारीख टाकायला पेन काढलं. मंगळवार लिहायला घेतला तर बाईंनी माझा हात धरला.

"मंगळवार नको, शशी. गर्दी असते, तुला बोलायला होत नाही. गुरुवार दे."

मी म्हटलं, "गुरुवारी डॉक्टर नसतात, बाई."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.